घरच्या बागेत मधमाश्या आणि फुलपाखरं यावीत म्हणून: देशी फुलझाडांची पहिली बाग

दिवाळीच्या सुमारास रोपवाटिकेत पेटुनिया, डायँथस, पॉइन्सेटिया यांच्या रांगा लागलेल्या असतात. चार कुंड्या उचलल्या की बाल्कनी रंगीत होते. पण त्या रंगांवर मधमाशी क्वचितच उतरते, आणि कोपऱ्यातली मंजिऱ्यांनी लगडलेली तुळस मात्र ऊन पडल्यापासून गुणगुणत असते. माश्या, भुंगे, फुलपाखरं, पतंग आणि शिंजीर (फुलातला मध पिणारा इवलासा पक्षी) यांना यावंसं वाटेल अशी बाग हवी असेल, तर तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: बाराही महिने काहीतरी फुललेलं हवं, अळ्यांना खायला पानं हवीत आणि बागेत विष नको. बाकी सगळा तपशील. तो पुढे क्रमानं दिला आहे.

मी हे पुण्यात, आधी बाल्कनीत आणि मग गच्चीवर करत आलो आहे. म्हणून हिशेब पुण्याच्या हवेचा आहे: वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये आटोपलेला, आणि पुढचे आठ महिने कोरडे. कोकणात किंवा विदर्भात जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन.

पायरी १: जागा, ऊन आणि सोसायटी

या लेखातली बहुतेक झाडं उन्हाची आहेत. दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन मिळणारी जागा पाहा. पूर्वेची बाल्कनी सगळ्यात चांगली, कारण माश्यांचं काम सकाळीच सुरू होतं आणि दुपारच्या रखरखीतून कुंड्याही वाचतात. उत्तरेची बाल्कनी असेल तर अडुळसा, अबोली, चित्रक आणि कढीपत्ता यांच्यावर भर द्या. ही अर्ध्या सावलीतही तगतात, फुलं थोडी कमी येतात एवढंच. वरच्या मजल्यांवर खरा त्रास वाऱ्याचा. सोसाट्याच्या वाऱ्यात फुलपाखरू फुलावर ठरत नाही, म्हणून वाऱ्याच्या अंगाला निर्गुडी किंवा अडुळशासारखं दाट झुडूप ठेवावं.

गच्ची सामाईक असेल तर कुंड्या वर नेण्याआधी कागद तयार करा. तोंडी परवानगी पहिल्या पावसात पाणी झिरपलं की विरते. लागतं ते एवढंच:

- सचिवांच्या नावे अर्ज, त्यात कुंड्यांची संख्या, अंदाजे वजन आणि गच्चीचा कोणता भाग वापरणार ते
- कुंड्या स्टँडवर किंवा विटांवर ठेवू, जमिनीला टेकवणार नाही, आणि खालचं वॉटरप्रूफिंग सांभाळू, असं लेखी आश्वासन
- गच्चीच्या अगदी खालच्या सदनिकाधारकाची लेखी संमती
- समितीनं मंजुरी दिली की त्या ठरावाची प्रत

बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट २० किलोच्या आसपास भरते. त्यामुळे मोठ्या कुंड्या गच्चीच्या मधोमध नकोत. तुळई किंवा भिंतीच्या वर येतील अशा कडेला मांडा.

सामानही फारसं नाही. १२ ते १४ इंची कुंड्या किंवा ग्रो बॅग (तरवड, धायटी, कढीपत्ता यांना १८ इंची), बागेची माती, चांगलं कुजलेलं शेणखत, मुरूम किंवा जाड वाळू, भोकावर ठेवायला खापराचे तुकडे, खुरपं, छाटणीची कात्री, झारी. आणि एक वही. कोणतं झाड कधी फुललं आणि त्यावर कोण आलं हे तीत लिहा, पुढच्या वर्षी तीच सगळ्यात कामाची ठरते.

पायरी २: येणारे कोण, हे आधी माहीत करून घ्या

मधमाशी म्हटलं की लोकांना एकच माशी आठवते. आपल्याकडे चार जातींची गाठ सहज पडते. आग्या मोहोळाची मोठी माशी, जी उंच इमारतींच्या छज्जांना एकच प्रचंड पोळं लावते. सातेरी, जी झाडाच्या ढोलीत किंवा अंधाऱ्या जागी एकाशेजारी एक पोळी बांधते. फुलोरी, अंगानं लहान, जिचं तळहाताएवढं पोळं झुडपाच्या फांदीला लटकलेलं दिसतं. आणि पोया, डासापेक्षा थोडी मोठी, काळी, नांगी नसलेली. तिचं घर भिंतीच्या भोकात असतं आणि दाराशी मेणाची छोटी नळी असते. बाल्कनीत तुळशीवर दिसते ती बहुधा फुलोरी किंवा पोया. दोघींना घाबरायचं कारण नाही.

याशिवाय एकेकट्या राहणाऱ्या माश्या असतात आणि बागेला त्यांचा उपयोग फार. वांगी, टोमॅटो आणि तरवड यांच्या फुलांतले पराग परागकोशाच्या टोकाच्या बारीक भोकातून बाहेर पडतात. मधमाश्यांना ते झाडून काढता येत नाहीत. निळ्या पट्ट्यांची माशी आणि मोठा काळा भुंगा फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतात, मग पराग भुरभुरतात. त्या वेळचा आवाज नेहमीच्या गुणगुणीपेक्षा तीव्र असतो, एकदा ऐकला की पुन्हा ओळखता येतो. गच्चीवर वांगी लावली आणि फुलं गळून जात असतील तर खतापेक्षा या माश्यांची सोय आधी पाहा.

फुलपाखरं, पतंग आणि शिंजीर यांच्याबद्दल पुढे ज्या त्या झाडाबरोबर येईलच.

पायरी ३: बारा महिन्यांचं वेळापत्रक आखा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. बहुतेक बागा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा डिसेंबरात फुललेल्या असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये रित्या. माश्या मात्र मार्चमध्येही जगत असतात.

*पावसाळा, जून ते सप्टेंबर.* सुरुवात तेरड्यापासून. हा इथलाच, बियांपासून सहज येणारा, आणि कोकणात गौरी म्हणून घरात येतो तोच. फुलाच्या मागे बारीक शेपटीसारखी नळी असते, मध तिच्या टोकाला असतो. त्यामुळे लांब सोंडेची फुलपाखरं, पतंग आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या त्याच्यावर येतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणतात ते एका फुलापुरतं. झाड ऑक्टोबरपर्यंत फुलत राहतं. अट एकच: एकेरी पाकळ्यांचा गावठी तेरडा घ्या. गुलाबासारखा गेंददार डबल तेरडा दिसायला छान असतो, पण पाकळ्यांच्या गर्दीत मधापर्यंत पोचायची वाट बंद होते. हाच नियम जास्वंद, मोगरा, झेंडू सगळ्यांना लावा. बऱ्याच डबल फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणजे परागही गेले.

जागा असेल तर भारंगी लावा, निळसर फुलं येतात आणि कोकणात कोवळ्या पानांची भाजीही करतात. ओलसर कोपऱ्यात पेव उत्तम, त्याच्या मोठ्या पांढऱ्या फुलांत भुंगा पूर्ण आत शिरतो. कळलावीचा पिवळा-लाल झुला फुलपाखरांना आवडतो, पण तिचा कंद आणि बाकी सगळे भाग विषारी आहेत. घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर ती लावू नका, कुणी कितीही सुंदर फोटो दाखवले तरी. स्वस्तातलं आणि हमखास यश म्हणजे तीळ. न सोललेले तीळ जूनच्या शेवटी एका पसरट कुंडीत फेका, श्रावण-भाद्रपदात घंटेसारखी फुलं येतात आणि माश्या त्यांच्यात डोकं खुपसून बसतात.

*दिवाळी ते संक्रांत.* काटेकोरांटीची पिवळी फुलं पाऊस संपता संपता सुरू होतात आणि थंडीभर चालतात. काटे टोचरे आहेत, येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवू नका. तरवड हे माळरानावरचं झाड, पूर्वी त्याची साल चामडं कमावायला वापरत. सोलापूर-पुणे पट्ट्यात रस्त्याकडेला पिवळंधमक दिसतं ते बरेचदा हेच. त्यात मध नसतो, फक्त पराग, म्हणून त्याच्यावर वर सांगितलेले थरथरवणारे पाहुणे येतात. अडुळसा हिवाळ्यात फुलतो, पांढऱ्या ओठासारख्या फुलावर जांभळ्या रेषा असतात आणि त्याच रेषा माशीला मधाकडे नेतात. एका मोठ्या कुंडीत तूर लावली तर ऑक्टोबर ते डिसेंबर फुलं आणि नंतर ओल्या शेंगा, दोन्ही मिळतं.

तुळशीचं लग्न लागतं तेव्हा तुळस मंजिऱ्यांनी भरलेली असते. झाड जास्त टिकावं म्हणून बहुतेक घरांत मंजिऱ्या खुडतात, आणि ते बरोबरही आहे. तोडगा सोपा: तुळशी दोन ठेवा. एकीच्या मंजिऱ्या खुडा, दुसरीच्या राहू द्या, पुढच्या महिन्यात उलट. एकच झाड लावायला जागा असेल तर मी तुळसच सांगेन. वर्षातले बहुतेक महिने ती काही ना काही देते.

*उन्हाळा, फेब्रुवारी ते मे.* हा खरा कस. कुंडीत घेण्यासारखी सगळ्यात चांगली देशी निवड म्हणजे धायटी. सह्याद्रीत जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तिच्या लांब फांद्या शेंदरी-लाल नळ्यांनी भरून जातात. आसव-अरिष्टं आंबवायला वैद्य हीच फुलं वापरतात, यावरून त्यांच्यात किती गोडवा असेल ते समजा. शिंजीर धायटीवर हमखास येतो. मोठ्या कुंडीत ती बसते, पण छाटत राहावं लागतं. जमिनीवर जागा असेल तर शेवगा लावा, भुंगे त्याच्या फुलांवर तुटून पडतात. कडुनिंब आणि करंज या काळात फुलतात. तुमच्या इमारतीच्या आवारात ही झाडं असतील तर बाल्कनीचं ओझं निम्मं कमी झालं, आणि नसतील तर सोसायटीच्या पुढच्या वृक्षारोपणात गुलमोहराऐवजी ती सुचवा. ताम्हणही सुचवा. तो महाराष्ट्राचं राज्यपुष्प आहे आणि मे महिन्यात जांभळा फुलतो. मध देत नाही, पराग भरपूर देतो.

*रात्र.* अंधार पडल्यावर पतंग कामाला लागतात. पारिजातक संध्याकाळी उमलतो आणि पहाटे गळतो, ते त्यांच्यासाठीच. जाई, कुंद, एकेरी मोगरा हेही चालतात. बाल्कनीचा पांढरा लख्ख दिवा रात्रभर जळत असेल तर पतंग फुलं सोडून दिव्याभोवतीच फिरत राहतात. दिवा बंद करा किंवा मंद पिवळा लावा.

पहिल्याच वर्षी हे सगळं आणू नका. बाल्कनीसाठी तुळस, तेरडा, काटेकोरांटी, अडुळसा, कढीपत्ता आणि जमलं तर धायटी एवढं पुरे. आणि एकाच जातीच्या तीन-चार कुंड्या शेजारी शेजारी ठेवा. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच प्रकारच्या फुलांवर फिरते, विखुरलेल्या एकेका फुलासाठी ती फारशी थांबत नाही.

कोकणातल्या धुवाधार पावसात तरवड कुंडीत सडतो, तिथे पेव, भारंगी, तेरडा आणि अबोलीवर भर द्या. विदर्भात उलट, तरवड आणि धायटी ऊन सोसतात, तेरड्याला मात्र दुपारची सावली लागते.

पायरी ४: पानं कुणाला खाऊ द्यायची ते ठरवा

मध प्यायला फुलपाखरू कुठल्याही गोड फुलावर येईल. अंडी मात्र ते ठरावीक झाडावरच घालतं, आणि ते झाड नसेल तर तुमच्या बागेत ते फक्त वाटसरू.

कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन अंडी घालतं. लिंबाच्या झाडावर लाइम बटरफ्लाय आणि मॉरमॉन दोन्ही, आणि लिंबू कुळातल्या झाडांवर नशीब असेल तर ब्लू मॉरमॉनही, म्हणजे राणी पाकोळी, जिला २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून मान मिळाला. रुईवर प्लेन टायगरच्या पट्टेरी अळ्या वाढतात, बहाव्यावर कॉमन एमिग्रंटच्या. चित्रकाच्या कळ्यांवर झेब्रा ब्लू नावाचं इवलंसं निळं फुलपाखरू अंडी घालतं. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका आणि चित्रकाचं मूळ हाताला लागलं तर फोड येऊ शकतात, एवढी काळजी या दोन झाडांबाबत घ्या.

इथे नवे लोक अडखळतात ते असं. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काहीतरी दिसतं, दोन दिवसांत ते हललेलं असतं, आणखी काही दिवसांनी ते हिरवंगार आणि बोटाएवढं जाड झालेलं असतं आणि निम्मी पानं गेलेली असतात. हात लावला तर डोक्यातून लालसर शिंगं काढून उग्र वास सोडतं. घरातलं कुणीतरी ते उचलून फेकतं. तेच तुमचं फुलपाखरू होतं. उपाय एकच, कढीपत्ता दोन लावा, एक फोडणीसाठी आणि एक त्यांच्यासाठी. फोडणीच्या झाडावर अळी दिसली तर पानासकट उचलून दुसऱ्यावर ठेवा. चांगलं मुरलेलं झाड पानं गेल्यावर नवी पालवी काढतं. अगदी लहान रोपावर मात्र चार-पाच अळ्या भारी पडतात, पहिलं वर्ष जाळी लावून त्याला वाढू द्या.

गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानांना कडेला गोल, कात्रीनं कापल्यासारखी भोकं दिसली तर तो रोग नाही. पानं कापणारी माशी ते तुकडे घरट्यासाठी नेते. तिला नेऊ द्या.

पायरी ५: रोपं आणि बिया कुठून आणायच्या

वन विभाग आणि सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकांत बहावा, ताम्हण, करंज, शेवगा अशी झाडं स्वस्तात मिळतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यातल्या वनमहोत्सवाच्या आसपास गेलात तर निवड जास्त असते. कृषी विद्यापीठांच्या आणि औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकांत अडुळसा, निर्गुडी, चित्रक, भारंगी, धायटी मिळण्याची शक्यता बरी. तेरडा, तीळ, तूर आणि तुळशीच्या बिया गावाकडून किंवा शेजाऱ्यांकडून मागा. विकत घ्यायची वेळच येत नाही.

नेहमीच्या रोपवाटिकेत जाताना शास्त्रीय नाव कागदावर लिहून न्या, नाहीतर दुसरंच झाड घरी येतं. चित्रक मागितला की हमखास निळ्या फुलांचा प्लंबॅगो पुढे येतो, तो दक्षिण आफ्रिकेतला. आपला चित्रक पांढऱ्या फुलांचा, प्लंबॅगो झेलॅनिका. काटेकोरांटीला बार्लेरिया प्रायोनायटिस, अडुळशाला जस्टिशिया अधाटोडा, तरवडाला सेना ऑरिक्युलाटा आणि धायटीला वुडफोर्डिया फ्रुटिकोसा म्हणा.

आणखी तीन सापळे.

पहिला, ऑनलाइन मिळणारी ‘फुलपाखरांसाठी मिश्र बियाणं’ अशी पाकिटं. त्यात बहुधा कॉसमॉस, झिनिया असलंच असतं, म्हणजे मेक्सिकोकडचं. वाईट नाही, पण त्यासाठी एवढे पैसे द्यायची गरज नाही.

दुसरा, घाणेरी, म्हणजे लँटाना. फुलपाखरं तिच्यावर झुंबड करतात हे खरं, म्हणून अनेक जण ती मुद्दाम लावतात. पण पक्षी तिची फळं खाऊन बिया डोंगरावर पसरवतात आणि देशी झुडपं तिच्याखाली गुदमरतात. बागेत ती नकोच.

तिसरा, कास पठार किंवा सह्याद्रीतल्या सड्यांवरून रोपं उपटून आणणं. कास पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून आहे, राखीव वनातून रोप काढणं हा गुन्हा आहे, आणि तिथली सोनकी किंवा पठारी तेरडे कुंडीत जगतही नाहीत. कारवीचा मोहही सोडा. ती बहरते साधारण सात-आठ वर्षांतून एकदा, आणि मग मरते.

झेंडूचं काय, असं लोक विचारतात. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, सदाफुली मादागास्करची, निशिगंधही मेक्सिकोकडूनच आलेला. दसऱ्याला झेंडू नाही असं महाराष्ट्रात कोण करेल? असू द्या. गावठी एकेरी झेंडूवर माश्या येतातही. फक्त नव्या कुंडीसाठी निवड करायची वेळ आली की देशी झाडाला पहिली पसंती द्या.

पायरी ६: लावणी

मुहूर्त पहिल्या दमदार पावसानंतरचा. जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत लावलेलं झाड आपोआप रुजतं. मार्च-एप्रिलमध्ये उत्साहानं लावलेलं बहुतेक वेळा पाणी घालून घालून जगवावं लागतं.

माती फार श्रीमंत करू नका. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग मुरूम किंवा जाड वाळू. तरवड आणि काटेकोरांटीला शेणखत याच्या निम्मं. माळरानाच्या झाडाला जास्त खत दिलं की पानं माजतात आणि फुलं रुसतात. नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, ही झाडं लावू नका, मे महिन्यात ते एकदा वाळलं की पाणी वरच्यावर वाहून जातं.

बियांचं कवच तरवड आणि बहाव्याला फार टणक असतं. उकळतं नव्हे, पण चांगलं गरम पाणी ओतून रात्रभर ठेवा, फुगलेल्या बिया पेरा आणि न फुगलेल्या खरखरीत कागदावर घासून पुन्हा भिजवा. तरवडाचं सोटमूळ लवकर खोल जातं, म्हणून त्याला आधी छोट्या पिशवीत आणि मग मोठ्या कुंडीत असं हलवत बसू नका, थेट १८ इंची कुंडीत पेरा. तेरड्याचं बी घरचंच धरा. त्याची बोंडं पिकली की हात लागताच फुटतात आणि बी उडतं, म्हणून पिवळट होऊ लागली की त्यांच्यावर फडक्याची पुरचुंडी बांधा. तुळशीचं बी मातीवर नुसतं भुरभुरा, खोल पुरलंत तर उगवणार नाही.

अडुळसा, निर्गुडी आणि काटेकोरांटी छाटाच्या काडीपासून येतात. पेन्सिलएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची काडी पावसाळ्यात तिरकी खोचा आणि पंधरा-वीस दिवस हलवून बघायचा मोह टाळा. धायटीची काडी सहजी धरत नाही, तिचं रोपच आणलेलं बरं. कळलावी लावणार असाल तर कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो, कोंब टोकाला असतो, तो मोडू नये. हिवाळ्यात वेल पूर्ण सुकतो. मेला असं समजून कुंडी रिकामी करू नका आणि पाणीही घालू नका.

पायरी ७: पाणी, चिखल आणि राहायला जागा

पसरट मातीच्या ताटलीत गोटे ठेवून त्यांची डोकी वर राहतील एवढंच पाणी भरा. माश्या खोल पाण्यात बुडतात. पाणी दर दोन दिवसांनी ओतून टाका आणि ताटली घासून कोरडी करून भरा, नाहीतर डेंग्यूचे डास तुमचे पहिले पाहुणे होतील. कुंड्यांखालच्या ताटल्यांनाही हाच नियम, सोसायटीतली सर्वांत रास्त तक्रार हीच असते.

एखाद्या ताटलीत नुसती ओली माती ठेवा. नर फुलपाखरं तिच्यातले क्षार शोषायला बसतात, याला चिखलपान म्हणतात. साखरपाणी मात्र ठेवू नका. त्यावर मुंग्या लागतात, ते आंबतं, आणि एकाच ताटलीवर गर्दी झाली की माश्यांमधले आजार पसरतात.

एकेकट्या माश्यांपैकी पुष्कळ जणी जमिनीत बीळ करतात. जमिनीवर बाग असेल तर एखादा उन्हातला कोपरा आच्छादन न घालता, खुरपणी न करता तसाच सोडा. बाल्कनीसाठी बांबूचे वीतभर तुकडे घ्या, आतलं भोक ६ ते १० मिलिमीटर, एका टोकाला पेर म्हणजे बंद बाजू. असे दहा-बारा बांधून पाऊस लागणार नाही अशा जागी, सकाळचं ऊन येईल असे आडवे टांगा. भोकाचं तोंड पानांनी किंवा मातीनं लिंपलेलं दिसलं की आत संसार सुरू झाला. वाळकी जाड फांदी भुंग्यासाठी राहू द्या. घराच्या लाकडी चौकटीला तो भोकं पाडत असेल तर चौकटीला रंग किंवा वार्निश द्या, सहसा तेवढ्यानं तो फांदीकडे वळतो.

पायरी ८: फवारणी

रोपवाटिकेतून आणलेलं रोप आधीच औषध मारलेलं असू शकतं. इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम असलेली औषधं झाडाच्या रसात भिनतात, तिथून मधात आणि परागात उतरतात. युरोपीय संघानं २०१८ मध्ये ती उघड्यावर वापरायला बंदी केली ती याचसाठी. आपल्याकडे बागेच्या दुकानात ती सहज मिळतात. विकत घेताना डबीवरचा घटक वाचा. नव्या रोपाच्या कळ्या पहिले काही आठवडे खुडून टाका, तोवर नवी वाढ येते.

मावा (कोवळ्या शेंड्यांतला रस शोषणारे बारीक किडे) दिसला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा द्या, मग बोटांनी पुसा. त्यानंतर थोडे दिवस थांबून पाहा, ठिपक्यांचे भुंगेरे येऊन मावा खातात. निंबोळी तेल वापरायचंच असेल तर संध्याकाळी, माश्या गेल्यावर, पानांच्या खालच्या बाजूनं, फुलं आणि अळ्यांची झाडं वगळून. ‘सेंद्रिय आहे’ एवढ्यानं ते अळीला माफ करत नाही.

सोसायटीत डासांसाठी धूर फवारायला माणूस येतो, त्याची वेळ विचारून ठेवा आणि त्या वेळी कुंड्यांवर जुनी चादर टाका. दर वेळी जमत नाही, पण जमेल तेव्हा करावं.

पायरी ९: मोहोळ लागलं तर

फुलोरीचं किंवा पोयाचं घर लागलं तर शेजाऱ्यांना बोलावून दाखवा. सातेरी खिडकीच्या खोक्यात शिरली असेल तर मधपाळ ती पेटीत हलवू शकतो. आग्या मोहोळाचा मामला वेगळा. ते वर, माणसांपासून दूर असेल तर जाऊ द्या, हंगाम संपला की त्या माश्या स्वतः उठून जातात. जिन्यात किंवा शाळेच्या वाटेवर असेल तर मधमाशी पकडायचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसालाच बोलवा. मशाल लावून जाळणारे स्वस्तात मिळतात, पण चवताळलेल्या माश्या मग सगळ्या इमारतीला डसतात. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे आणि महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय. मधपाळांची चौकशी तिथे करता येते.

पहिल्या वर्षी कोण कधी येईल

तुळशीवर फुलोरी आणि पोया सगळ्यात आधी येतात. पहिल्या पावसाळ्यात कढीपत्त्यावर अंडी दिसायला हवीत, तेरड्यावर निळ्या पट्ट्यांची माशीही. शिंजीर सहसा झुडपं खांद्याएवढी झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या हिवाळ्यात येतो. सहा महिन्यांनीही तुळशीवर कुणीच नसेल तर आजूबाजूला कोण काय फवारतं याची चौकशी करा.

छाटणी मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर करा. त्याआधी प्रत्येक फांदी उलटसुलट पाहा, पानाखाली किंवा काडीला कोष चिकटलेला असतो. कोष असेल ती फांदी सोडा, बाकीच्या छाटा, आणि छाटलेल्या अडुळसा-निर्गुडीच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. जूनमध्ये त्या मागणारं कुणीतरी निघतंच.